मूळ फोटो आणि त्याचा गोतावळा

फोटो काढण्याचं काम लोकांना दिसतं. काढलेले फोटो लावून ठेवण्याचं काम संगणकासमोर, बंद खोलीत होतं. त्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. गेली बरीच वर्षं मी ही दोन्ही कामं करते आहे. आषाढी वारी, जत्रा, आठवडी बाजार, पडायला आलेले वाडे असे फोटो मी काढत आले. पुढे ओळखीचे छायाचित्रकार आपापल्या हार्ड डिस्क घेऊन येऊ लागले आणि त्यांचे संग्रह लावून देणं हाही माझ्या पोटापाण्याचा भाग झाला. संग्रह कुणाचाही असो, सगळ्यात जास्त वेळ एकाच प्रश्नावर जातो: कॅमेऱ्यातून आलेली मूळ फाइल आणि तिच्यापासून वेळोवेळी तयार झालेली रूपं, यांना एकमेकांशी जोडून कसं ठेवायचं?

मूळ फाइल जपावी हे आता सगळ्यांना पटलेलं आहे. एडिट केलेला फोटो जपावा हे तर कुणाला सांगावंच लागत नाही, कारण लोकांपुढे जातो तो तोच. निसटतं ते या दोघांमधलं नातं. कुठल्या मूळ फोटोपासून कुठलं रूप निघालं, कधी, कशासाठी आणि त्यात काय बदललं, ही माहिती आधी हरवते. ती हरवली की दोन्ही फाइली शाबूत असूनही संग्रह अर्धा मुका होतो. फोटो लावणं म्हणजे मुख्यतः हे नातं लावणं, असं मी या कामातून शिकले.

एक उदाहरण घेते. ज्ञानेश्वर माउलींची पालखी फलटणचा मुक्काम हलवून बरडच्या वाटेला लागते, त्या टप्प्यावर काढलेला माझा एक फोटो आहे. सकाळचं ढगाळ ऊन. दिंडी सरळ रांगांत चालते आहे. मधोमध एक वयस्कर वीणेकरी, त्यांच्या मागे डोईवर तुळशीवृंदावन घेतलेली बाई, मग टाळकऱ्यांच्या रांगा. डाव्या कडेला रस्त्यालगतचं वडाचं झाड, त्याच्या बुंध्यावर गेरू-चुन्याचे पट्टे. उजव्या कडेला पाण्याच्या टँकरचा मागचा भाग आणि नळाखाली बाटली धरलेला एक हात. कॅमेऱ्यानं टिपली ती एवढी चौकट.

या एका फोटोची पुढे किती रूपं झाली पाहा. दैनिकासाठी त्याच दिवशी, गाडीत बसूनच, आडवी आणि लहान जेपेग फाइल पाठवली. एका मासिकाला मुखपृष्ठासाठी उभा फोटो हवा होता, म्हणून वीणेकरी आणि तुळशीवाली एवढंच ठेवून दोन्ही कडा कापल्या. प्रदर्शनासाठी कृष्णधवल प्रत केली; तिच्यात ढग गडद झाले आणि वीणेच्या तारांवरचा उजेड वर आला. छापखान्यासाठी मोठी टिफ फाइल निघाली. समाजमाध्यमांसाठी चौकोनी, कोपऱ्यात नाव टाकलेली. प्रत्येक रूप आपापल्या जागी योग्य होतं. पण ती सगळी एकाच फोल्डरात, वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या वर्षी येऊन पडली असती, तर पाच-सहा वर्षांनी ही भावंडं आहेत हे ओळखायला एकेक फाइल उघडून पाहत बसावं लागलं असतं.

मूळ फाइल एवढी महत्त्वाची का, ते इथे सांगायला हवं. कॅमेऱ्यात रॉ स्वरूपात फोटो घेतला की सेन्सरवर पडलेल्या प्रकाशाची नोंद साधारण १२ किंवा १४ बिटांत होते. १४ बिट म्हणजे प्रत्येक बिंदूच्या उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या. नेहमीच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला ८ बिट, म्हणजे २५६ पायऱ्या असतात. त्यात जेपेगचं आकुंचन माहिती टाकून देऊन होतं. तीच फाइल बदलून पुन्हा साठवली की आणखी थोडी माहिती जाते. ढगाळ सकाळचा आणि पांढऱ्या सदऱ्यांचा फोटो असेल तर हा फरक लगेच कळतो. रॉमधून ढगांची घडण आणि सदऱ्याच्या सुरकुत्या दोन्ही वर आणता येतात. एडिट केलेल्या जेपेगमधून तेच करायला गेलं तर आकाशात पट्टे उमटतात. मूळ फाइल हाताशी असली की पुढच्या काळातल्या चांगल्या साधनांनी तिच्यातून आणखी काही काढता येतं. ती गेली की त्या दिवशीच्या आपल्या निर्णयावरच कायमचं थांबावं लागतं.

सॉफ्टवेअरांनी हा प्रश्न दोन वाटांनी सोडवला आहे, आणि दोन्हींची ओळख असल्याशिवाय संग्रहाला हात घालू नये असं मी शिकाऊ मुलांना सांगते.

पहिली वाट २००७ मध्ये बाजारात आलेल्या लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरांची. इथे मूळ फाइलला धक्काच लागत नाही. उजेड किती वाढवला, कडा कुठे कापल्या, रंग कसा बदलला, या सगळ्याची सूचनांची एक यादी तयार होते आणि पडद्यावर त्या यादीप्रमाणे फोटो दिसतो. यादी काही किलोबाइटांची असते. २४ मेगापिक्सेलच्या फोटोची १६ बिटांची टिफ काढली तर ती आकुंचन न करता साधारण १४४ मेगाबाइट भरते. म्हणून प्रत्येक कल्पनेची वेगळी टिफ काढून ठेवण्यापेक्षा सूचनांची यादी ठेवणं किती सोयीचं, ते उघड आहे. एकाच मूळ फाइलवर दोन-तीन वेगळ्या याद्या हव्या असतील तर ‘व्हर्च्युअल कॉपी’ करता येते: एक रंगीत, एक कृष्णधवल, एक उभी. डिस्कवर फाइल एकच, पडद्यावर तीन फोटो.

दुसरी वाट डिजिकॅमची. हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर २००१ पासून घडत आलं आहे आणि २०११ मधल्या २.० आवृत्तीपासून त्यात रूपांची साखळी ठेवण्याची सोय आहे. फोटो उघडून बदल केला आणि साठवला की मूळ फाइल तशीच राहते आणि तिच्या नावापुढे ‘व्ही१’ लागून नवी फाइल तयार होते. पुन्हा बदल केला की पुढचा आकडा. यादीत शेवटचं रूप समोर दिसतं, आधीची मागे राहतात, आणि बाजूच्या पट्टीत कुठून कुठे आलो याचा वंशवृक्ष पाहता येतो. इथे प्रत्येक रूप खरीखुरी फाइल असते. जागा जास्त लागते, पण कुठल्याही संगणकावर, ते सॉफ्टवेअर नसतानाही, प्रत्येक रूप उघडता येतं.

या दोन वाटांतली एक चांगली आणि एक वाईट असं काही नाही. काम चालू असताना पहिली वाट हलकी आणि मोकळी वाटते. काम संपल्यावर, ते दुसऱ्याच्या हाती सोपवताना, दुसरी वाट भरवशाची ठरते. मी दोन्ही वापरते: विचार चालू आहे तोवर सूचनांच्या याद्या, आणि एखादं रूप लोकांपुढे गेलं की त्याची पक्की फाइल. छापून आलेलं, प्रदर्शनात लागलेलं, ग्राहकाला दिलेलं रूप म्हणजे झालेली घटना. त्याची हुबेहूब फाइल ठेवलीच पाहिजे, कारण सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती तीच यादी किंचित वेगळ्या रंगांत उलगडू शकते.

आता हे नातं नेमकं कुठे लिहिलेलं असतं ते पाहू. बहुतेक सगळी मेख इथेच आहे. सॉफ्टवेअर आपली माहिती स्वतःच्या कॅटलॉगात, म्हणजे एका डेटाबेसमध्ये ठेवतं. लाइटरूमचा कॅटलॉग हा एसक्यूलाइट या प्रकारचा डेटाबेस असतो. डिजिकॅमही तोच वापरू शकतं. याखेरीज ‘एक्सएमपी’ नावाची पद्धत आहे. अडोबीनं ती २००१ मध्ये मांडली आणि २०१२ मध्ये तिचं आंतरराष्ट्रीय मानक झालं. फोटोखालच्या माहितीच्या ओळी, खुणेचे शब्द, बदलांच्या सूचना हे सगळं या पद्धतीनं फोटोच्या शेजारी एका छोट्या जोडफाइलीत किंवा फोटोच्याच पोटात लिहून ठेवता येतं. हे रूप कुठल्या फाइलपासून निघालं, हे नोंदवायलाही तिच्यात जागा आहे. कॅटलॉग हरवला तरी जोडफाइल सोबत असली की बरंच काही परत उभं करता येतं.

बरंच काही, सगळं नव्हे. लाइटरूममधल्या व्हर्च्युअल कॉप्या जोडफाइलीत उतरत नाहीत. त्या फक्त कॅटलॉगात असतात. फोटोंचे गठ्ठे आणि संग्रहांच्या याद्या यांचंही तेच. डिजिकॅममध्ये हातानं केलेले गट त्याच्या डेटाबेसमध्येच राहतात. म्हणजे पडद्यावर जे नातं इतकं स्पष्ट दिसतं, ते पुष्कळदा एका फाइलच्या आधारानं उभं असतं. म्हणून फोटोंचा बॅकअप घेताना कॅटलॉगाचा बॅकअप घेतलाच पाहिजे, आणि जी नाती खरोखर महत्त्वाची आहेत ती कॅटलॉगाबाहेरही, फाइलच्या नावात आणि तिच्या पोटात, लिहिली पाहिजेत.

जोडफाइलींच्या नावांचीही एक अडचण आहे. काही सॉफ्टवेअर फोटोच्या नावाचा शेवट काढून टाकून तिथे एक्सएमपी लावतात. काही पूर्ण नाव ठेवून त्यापुढे एक्सएमपी जोडतात. कॅमेऱ्यात एकाच वेळी रॉ आणि जेपेग घेतले असतील तर दोन्हींचं नाव सारखंच असतं, फक्त शेवट वेगळा. मग पहिल्या प्रकारची जोडफाइल नेमकी कुणाची, हे दुसऱ्या सॉफ्टवेअरला कळत नाही. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात संग्रह हलवायचा असेल तर पाच-दहा फोटोंवर आधी करून पाहावं आणि मगच सगळा गाडा हाकावा.

मूळ फाइल कशाला म्हणायचं, हाही प्रश्न वरवर वाटतो तितका सोपा नाही. मूळ जेपेगच्या पोटात मी फक्त ठिकाणाचं नाव लिहिलं, तर चित्राचा एकही बिंदू बदलत नाही. पण फाइल बदलते. शाबूतपणा तपासण्यासाठी आपण फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा एक आकडा, काढून ठेवतो. एक अक्षर वाढलं तरी तो पार वेगळा येतो. मग फाइल बिघडली म्हणून आकडा बदलला की मी ओळ लिहिली म्हणून, हे कसं ठरवायचं? यावर मी एक नेम धरला आहे. कार्डावरून उतरवलेल्या फाइलींची एक प्रत लिहिण्यापासून बंद करून, चेकसमसह वेगळ्या डिस्कवर जाते आणि तिला पुन्हा कुणी हात लावत नाही. रोजच्या कामाची प्रत दुसरी. तिच्यावर ओळी लिहा, खुणा करा, काय हवं ते करा. सॉफ्टवेअरमध्ये सोय असेल तिथे माहिती मूळ फाइलमध्ये न लिहिता जोडफाइलीतच लिहायला सांगता येतं. डिजिकॅममध्ये तशी निवड आहे.

नावांबद्दल थोडं. डिजिटल कॅमेऱ्यांच्या फाइलनामाचा संकेत असा की चार अक्षरं आणि चार आकडे. ९९९९ नंतर पुन्हा ०००१. दोन कॅमेरे आणि काही वर्षांचं काम असेल तर एकाच नावाच्या कितीतरी फाइली जमतात. म्हणून उतरवतानाच मी नाव बदलते: आधी वर्ष, महिना, दिवस, मग ठिकाण, मग कॅमेऱ्याचा मूळ क्रमांक. हे नाव त्या फोटोचं कुळ. पुढे कुठलंही रूप झालं तरी नावाचा हा भाग बदलायचा नाही, फक्त शेवटी जोडायचं: कृष्णधवल, मुखपृष्ठ, वेब, छपाई. नुसत्या नावावर शोध घेतला तरी सगळा गोतावळा एका रांगेत उभा राहतो, मग सॉफ्टवेअर कुठलंही असो. फाइलनावं मी रोमन लिपीत ठेवते, कारण वेगवेगळ्या संगणकांतून आणि झिप फाइलींतून फिरताना देवनागरी नावं अजूनही कधीकधी विस्कटतात. देवनागरीत लिहायचं ते ओळींमध्ये आणि खुणेच्या शब्दांमध्ये भरपूर लिहावं: वीणेकरी, चोपदार, तुळशीवृंदावन, रिंगण, नीरास्नान.

एका वडीलधाऱ्या छायाचित्रकारांचा संग्रह त्यांच्या पश्चात लावण्यासाठी माझ्याकडे आला होता. फोल्डरांची नावं ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘नक्की फायनल’, ‘प्रिंटला दिलेले’ अशी. घरच्यांची समजूत होती की काकांनी सगळे फोटो रंग वाढवून, कापून ठेवले आणि मूळ उरलेच नाहीत. त्यांची मुलगी म्हणाली, “ताई, आहेत तेवढे तरी नीट लावून द्या.” संगणकावर पिकासा होतं. गूगलनं २००४ मध्ये घेतलेलं आणि २०१६ मध्ये बंद केलेलं हे मोफत सॉफ्टवेअर एके काळी पुष्कळ घरांत होतं. त्याची रीत अशी, की बदल करून फोटो साठवला की बदललेला फोटो मूळ नावानं पुढे ठेवायचा आणि मूळ फाइल त्याच फोल्डरातल्या एका लपलेल्या फोल्डरात सरकवायची. लपलेल्या फाइली दाखवण्याची सोय चालू केली आणि फोल्डरांमागून फोल्डरांत ‘पिकासाओरिजिनल्स’ हे नाव दिसू लागलं. जत्रेतले पैलवान, बैलपोळ्याची मिरवणूक, जुन्या पेठेतली दुकानं, सगळे न कापलेले, न भडकवलेले, त्या दिवशीच्या उजेडासकट.

मी लगेच काहीही हलवलं नाही. कारण मूळ आणि बदललेल्या फाइलचं नाव एकच होतं. त्यांचं नातं फक्त ‘कुठल्या फोल्डरात आहे’ एवढ्यावरच टिकलेलं होतं. सगळे मूळ फोटो उचलून एका जागी टाकले असते तर एकसारख्या नावांची टक्कर झाली असती आणि तो धागाही तुटला असता. आधी सगळ्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल घेतली. मग प्रत्येक जोडीला कुळाचं एकच नाव दिलं, बदललेल्यापुढे ‘काकांची प्रत’ अशा अर्थाची खूण लावली, आणि त्यानंतरच दोघांना डिजिकॅममध्ये एका गटात आणलं. ‘नक्की फायनल’ वगैरे जुनी फोल्डरनावं फेकली नाहीत. ती ओळीत नोंदवून ठेवली. काकांनी कुठला फोटो निवडला होता आणि कुठला छपाईला दिला होता, हे त्या नावांतूनच कळत होतं. त्यांची निवड हाही संग्रहाचाच भाग आहे. मूळ फोटो मिळाले म्हणून त्यांनी केलेले बदल कमी मोलाचे ठरत नाहीत: त्यांना त्या दृश्यात काय दिसलं, ते त्या बदलांतच आहे.

अशा वेळी मला पुण्यातल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची आठवण येते. १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी देशभरच्या पोथ्या मिळवल्या, ओळीला ओळ लावून ताडल्या, कुठली पोथी कुठल्या शाखेची ते ठरवलं, आणि मुख्य पाठ वर छापताना पाठभेद खाली तळटीपांत ठेवले. टाकून दिले नाहीत. फोटोंच्या संग्रहाला हीच शिस्त लागते. आपल्या बाजूनं एवढं भाग्य, की फोटोचा मूळ पाठ बहुधा आपल्याच हाती असतो. पोथ्यांच्या संपादकांना ज्यासाठी जन्म वेचावा लागला, ते आपल्याला उतरवतानाच दोन ओळी लिहून साधतं.

मोबाइलमुळे हे काम घरोघरी पोचलं आहे. आयफोनवर फोटो बदलला की मूळ फाइल आत राहते आणि बदलांची नोंद असलेली एक छोटी फाइल तयार होते. संगणकावर उतरवताना बदललेल्या प्रतीच्या नावात ‘ई’ अक्षर येतं आणि ‘एएई’ शेवटाची ती नोंद शेजारी दिसते. पुष्कळ लोक ती निरुपयोगी समजून पुसतात. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोची गोष्ट वेगळी. फोटो म्हणून पाठवला की तो आकुंचित होतो, कॅमेऱ्यानं लिहिलेली तारीख-वेळ गळून पडते, आणि अँड्रॉइडवर फाइलच्या नावात जी तारीख दिसते ती फोटो आल्याची असते, काढल्याची नव्हे. आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा फोटो पुतण्यानं दोन वर्षांनी पाठवला तर तो दोन वर्षं पुढच्या महिन्यात जाऊन बसतो. म्हणून घरच्या कार्यक्रमाचे फोटो गोळा करताना मी सगळ्यांना एकच सांगते: फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. आणि व्हॉट्सॲपवरची प्रत हीच एकमेव प्रत असेल तर तिला मूळ समजून जपा, फक्त ओळीत लिहून ठेवा की ही कुणाकडून, कुठल्या वाटेनं आली.

बरडच्या वाटेवरच्या त्या फोटोकडे पुन्हा वळते, कारण नातं लावून ठेवल्याचा उपयोग त्यानं मला दोनदा दाखवला.

प्रदर्शनात तो फोटो लागला होता तेव्हा एक मध्यमवयीन गृहस्थ त्याच्यासमोर बराच वेळ थांबले. मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, “माउली, हे माझे चुलते. पण मासिकात ह्यांच्या दिंडीचा नंबर चुकीचा आलाय. आमची दिंडी रथामागची.” वारीत दिंड्यांना रथापुढे आणि रथामागे असे क्रमांक असतात आणि त्या जागेचा अभिमान पिढ्यान् पिढ्यांचा असतो. मासिकासाठी ओळ संक्षिप्त करताना कुणीतरी क्रमांक बदलला होता आणि तीच ओळ पुढे इतर ठिकाणी उचलली गेली होती. मी त्यांच्याकडून दिंडीचं, गावाचं आणि चुलत्यांचं नाव नीट लिहून घेतलं. मूळ फोटोच्या नोंदीत ते घालणं सोपं होतं. पण सॉफ्टवेअरमधून एकदा बाहेर काढलेली फाइल ही स्वतंत्र असते. मूळ फोटोची ओळ दुरुस्त केली तरी तिच्यातली आपोआप बदलत नाही. व्हर्च्युअल कॉपीचीसुद्धा ओळ वेगळीच असते. कुळाचं नाव सारखं असल्यामुळे सगळी रूपं एका शोधात सापडली, सगळ्यांत एकदम दुरुस्ती झाली, आणि ज्यांच्याकडे ती गेली होती त्यांना नवी फाइल पाठवता आली. एका माणसाची ओळख सगळीकडे बरोबर होण्यासाठी एवढी साखळी लागते.

दुसरा प्रसंग त्यानंतरचा. पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. काम सुरू झाल्यावर जुन्या रस्त्याकडेच्या झाडांचा अभ्यास करणारी एक मुलगी माझ्याकडे आली. तिनं मासिकाचं मुखपृष्ठ पाहिलं होतं आणि त्या टप्प्यावरचे आणखी फोटो आहेत का, असं विचारत होती. मुखपृष्ठावर झाड नव्हतंच. मांडणीसाठी तीच कड कापली होती. मुखपृष्ठाच्या फाइलवरून मूळ फोटो उघडला आणि डावीकडे वड उभा: पट्टे रंगवलेला बुंधा, लोंबत्या पारंब्या, आणि कॅमेऱ्यानं नोंदवलेली तारीख-वेळ. उजवीकडचा टँकरही तिला हवा होता, कारण वारीत पाण्याची सोय कुठे असते हेही ती नोंदवत होती. मुखपृष्ठ करताना दोन्ही बाजूंचं जे अडगळ वाटत होतं, तोच तिच्या अभ्यासाचा विषय होता. आज आपण काय कापतो ते आजच्या गरजेवर ठरतं. उद्याच्या माणसाचा प्रश्न आपल्याला ठाऊक नसतो. म्हणून कापलेल्या रूपावरून पूर्ण चौकटीकडे जायची वाट उघडी ठेवणं, हे मला छायाचित्रकाराचं कर्तव्य वाटतं.

त्याला खरेपणाचीही बाजू आहे. वर्ल्ड प्रेस फोटो या स्पर्धेत शेवटच्या फेऱ्यांत कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागून तपासतात. २०१५ मध्ये अंतिम फेरीच्या आधीच्या टप्प्यातले सुमारे २० टक्के फोटो फेरफारामुळे बाद झाले होते. २०२१ मध्ये अडोबी, बीबीसी, मायक्रोसॉफ्ट, इंटेल वगैरे संस्थांनी एकत्र येऊन ‘सीटूपीए’ ही पद्धत आखायला घेतली. फोटो कुठल्या साधनानं काढला, पुढे त्यात काय बदललं, याची सहीबंद नोंद फाइलसोबतच न्यायची, असा तिचा उद्देश. संगणकानं क्षणात खोटं दृश्य रचता येतं अशा आजच्या काळात याची गरज वाढत जाणार आहे. पण कुठलीही नवी पद्धत येण्याआधीपासून, मूळ फाइल दाखवता येणं आणि ‘इथपासून इथपर्यंत मी एवढंच केलं’ असं सांगता येणं, हीच छायाचित्रकाराची पत आहे.

सगळं ठेवायचं तर जागा कुठून आणायची, असं विचारलं जातं. सगळं ठेवू नये. हललेले, मिटल्या डोळ्यांचे, एकाच क्षणाचे दहा फोटो मी निर्धास्त काढून टाकते. मधल्या टप्प्यावरची रूपं, जी कुणालाच दिली नाहीत आणि ज्यांच्या सूचनांची यादी शिल्लक आहे, तीही पुसते. राखायच्या त्या तीन गोष्टी: निवडलेल्या फोटोची मूळ फाइल, लोकांपुढे गेलेलं प्रत्येक रूप, आणि त्यांना जोडणारी नोंद. या तिन्हींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. पीटर क्रोग या छायाचित्रकारानं रूढ केलेला हा ३-२-१ नियम आहे आणि त्याहून सोपं काही माझ्या पाहण्यात नाही. वर्षातून एकदा चेकसम ताडून पाहावेत आणि एखादा फोटो तरी बॅकअपवरून खरोखर परत आणून बघावा.

सॉफ्टवेअर येतील आणि जातील. २००५ मध्ये आलेलं ॲपलचं अपर्चर अनेक व्यावसायिकांचं लाडकं होतं. २०१४ मध्ये ते पुढे न नेण्याचा निर्णय जाहीर झाला. तेव्हा ज्यांच्या फाइलनावांत, जोडफाइलींत आणि ओळींत नाती लिहिलेली होती, त्यांना नव्या घरी जाणं सोपं गेलं. म्हणून माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्यांना मी आधी सॉफ्टवेअर शिकवत नाही. एक मूळ फोटो आणि त्याची चार रूपं देते आणि सांगते: ही पाच भावंडं आहेत हे कुठलंही सॉफ्टवेअर न उघडता, मला न विचारता, वीस वर्षांनी आलेल्या माणसाला कळेल अशी मांडून दाखव. ज्याला हे जमलं त्याच्या हाती मी कुठलाही संग्रह निःशंक सोपवते, कारण बटणं कुठे आहेत ते तो दोन दिवसांत शिकतो.